पद स्वीकारण्याआधी अधिकारांची चौकशी करा

वाचकाचे पत्र:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रुग्णाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी, असून एका मोठ्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात गेली ११ वर्षे काम करते. फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि आम्ही असे मिळून विभागात वीसेक जण आहोत. वरिष्ठ थेरपिस्टच्या पुढे आमच्यासाठी पायरीच नाही. त्यामुळे चांगले तरुण सहकारी दोन-तीन वर्षांत सोडून जातात. आता वैद्यकीय अधीक्षकांनी मला या सर्वांची समन्वयक होण्यास सुचवले आहे. रुग्णांचे काम आहे तेवढेच राहील, असे ते म्हणाले. वेतनाविषयी ‘पुढे पाहू’ एवढेच उत्तर मिळाले. पद घेतले तर हातातले कौशल्य जाईल अशी भीती वाटते आणि न घेतले तर आमचे काम ठाऊक नसलेला एखादा प्रशासक आमच्यावर नेमला जाईल, अशी चिन्हे आहेत. दुसऱ्या शाखांतील लोक माझे का ऐकतील, हाही प्रश्न आहे. व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का? आणि बैठकीत डॉक्टरांनी आमचे म्हणणे ऐकावे यासाठी काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रातील काही तपशील, तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून, येथे वगळले आहेत. पदाविषयी, वेतनाविषयी, सहकाऱ्यांविषयी आणि स्वतःच्या मनातील शंकांविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे. मात्र समन्वयक झाल्यावर कोणते निर्णय तुमच्या सहीने होतील, याविषयी पत्रात एक ओळही नाही. बहुधा तुम्हाला ते कोणी सांगितलेच नसावे आणि तुम्हीही विचारले नसावे. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

रुग्णालयांची प्रशासकीय रचना मुख्यतः वैद्यकीय आणि शुश्रूषा या दोन सेवांभोवती उभी राहिली. डॉक्टरांना विभागप्रमुख, अधीक्षक, संचालक अशी वाट आहे. परिचारिकांनाही वॉर्डपासून अधिसेविकेपर्यंतची स्वतःची उतरंड आहे. संलग्न आरोग्यसेवेतील, म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका सोडून थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांसारखी उपचार करणारी, मंडळी मात्र संख्येने थोडी, त्यात अनेक शाखांत विभागलेली, आणि प्रत्येक शाखा त्या त्या विभागाच्या डॉक्टरांच्या हाताखाली. त्यामुळे वर जाणारा जिनाच बांधला गेला नाही. अशा ठिकाणी कामाचा पसारा वाढला, की कोणालातरी समन्वयक म्हणायचे आणि रजेचे अर्ज, पाळ्यांचे तक्ते, हजेरी आणि तक्रारी त्याच्याकडे वळवायच्या, ही पद्धत सोयीची ठरते. वरून आलेला आदेश खाली पोहोचवायचा आणि खालची नाराजी वर न्यायची, असे ते टपाल्याचे काम असते. ते निरुपयोगी असते असे नाही, पण त्याला नेतृत्व म्हणता येत नाही आणि त्यातून कोणाची कारकीर्दही घडत नाही.

तेव्हा अधीक्षकांना होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्यांच्याकडून काही गोष्टी लेखी मागवून घ्या. पहिली बाब माणसांची: नव्या थेरपिस्टच्या निवड समितीत तुम्ही असाल का, वार्षिक मूल्यमापन तुम्ही लिहाल की तुमच्याकडून फक्त माहिती मागवली जाईल, कोणाला कोणत्या प्रशिक्षणाला पाठवायचे हे कोण ठरवील? दुसरी कामाच्या मांडणीची: रेफर झालेल्या रुग्णांपैकी आधी कोणाला पाहायचे, कोणत्या वॉर्डात किती जण ठेवायचे, एखादी ओपीडी बंद करून तो वेळ दुसरीकडे वळवायचा का, हे निर्णय तुमच्या अखत्यारीत येतील का? तिसरी पैशाची: विभागाच्या अंदाजपत्रकाचा मसुदा तयार होताना तुम्हाला विचारले जाईल, की खरेदी झाल्यावर उपकरणाच्या पोचपावतीवर तुमची सही घेतली जाईल? आणि चौथी गोष्ट, जी पुष्कळ जण विचारायला संकोचतात, ती अशी की विभागप्रमुखांच्या मासिक बैठकीत तुम्हाला कायम स्थान असेल, की विषय निघाला तरच बोलावणे येईल. या चारही बाबतींत पूर्ण अधिकार मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. परंतु एकाही बाबतीत ठोस उत्तर नसेल, तर तुम्हाला देऊ केलेले पद कोणत्या प्रकारचे आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

रुग्णांचे काम आहे तेवढेच राहील, ही अट मला सर्वांत धोक्याची वाटते. वीस माणसांचे समन्वयन फावल्या वेळात होत नाही. ते केले, तर रुग्णांच्या नोंदी संध्याकाळी उशिरा लिहिल्या जातात, सहकाऱ्याची अडचण जिन्यात उभ्याउभ्या ऐकली जाते आणि वर्षअखेरीस दोन्ही कामे अर्धवट झाल्याचा ठपका तुमच्यावरच येतो. म्हणून वेळेची मागणी आकड्यांत करा. गेल्या महिन्यात तुम्ही किती नवे रुग्ण तपासले, किती जणांना नियमित उपचार दिले, नोंदी आणि बैठकांत किती तास गेले, हे मांडून आठवड्यातील निदान दोन दिवस रुग्णसेवेतून मोकळे मागा आणि त्या दोन दिवसांचे रुग्ण कोण पाहील याची योजनाही सोबत जोडा. मागणीबरोबर तोडगा जोडलेला असला, की ती सहजासहजी टाळता येत नाही. वेतनाबाबत ‘पुढे पाहू’ या उत्तराला तारीख लावून घ्या: सहा महिन्यांनी आढावा, आढाव्याचे निकष आधीच ठरलेले आणि त्यावेळी श्रेणीबाबत लेखी निर्णय. पैशाविषयी बोलणे सेवाभावाशी विसंगत आहे असे संलग्न आरोग्यसेवेतील अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, वाटत आले आहे. व्यवस्थापनांना ही समजूत नेहमीच सोयीची ठरली आहे.

आता कौशल्य जाण्याच्या भीतीकडे येते. ही भीती खोटी नाही. हात चालत राहिले नाहीत, तर स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) बनवण्याची सफाई जाते आणि रुग्णाकडे पाहताक्षणी जे उमगायचे ते उमगेनासे होते. परंतु या भीतीमागे एक गृहीत आहे, की रुग्णसेवा आणि नेतृत्व या दोन वेगळ्या वाटा असून एक धरली की दुसरी सुटते. इंग्लंडमध्ये २०१७ साली प्रगत वैद्यकीय सेवेसाठी जो बहुशाखीय आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात ज्येष्ठ व्यावसायिकाच्या कामाचे चार आधारस्तंभ मानले आहेत: प्रत्यक्ष रुग्णसेवा, नेतृत्व आणि व्यवस्थापन, शिक्षण, आणि संशोधन. प्रत्येकाच्या कामात या चारांचे प्रमाण वेगळे असेल, हेही त्यात गृहीत आहे. मला ही मांडणी उपयुक्त वाटते, कारण तिच्यामुळे ‘थेरपिस्ट राहू की साहेब होऊ’ हा प्रश्न मागे पडतो आणि पुढील पाच वर्षांत या चार कामांची वाटणी कशी असावी, या प्रश्नावर विचार सुरू होतो.

तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की समन्वयक झाल्यावरही एक ठरावीक काम स्वतःकडे ठेवा आणि ते गुंतागुंतीचे असू द्या. उदाहरणार्थ, हाताच्या गंभीर दुखापतींची आठवड्यातून एक ओपीडी, ज्यात इतरांना न सुटलेले रुग्ण तुमच्याकडे येतील आणि एक कनिष्ठ सहकारी तुमच्यासोबत बसेल. रोज थोडे थोडे सगळे करत राहण्यापेक्षा अशा एका कामाने कौशल्य अधिक टिकते. शिवाय रुग्णाच्या खाटेशी तुमचा संबंध आहे हे दिसत राहिले, की सहकाऱ्यांचा विश्वासही टिकतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. तुम्हाला हे पद नकोच असण्याची शक्यता आहे, आणि त्यात काही गैर नाही. प्रशासनात न जाता पुढे जाण्याच्या वाटाही या व्यवसायांत तयार झालेल्या आहेत. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि पायांचे उपचारतज्ज्ञ यांना २०१३ साली स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. २०१६ मध्ये किरणोपचार करणाऱ्या रेडिओग्राफरना आणि २०१८ मध्ये पॅरामेडिकना (रुग्णवाहिकेतून तातडीची सेवा देणाऱ्यांना) तो मिळाला. तेथे विशेष प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर क्ष-किरण प्रतिमांचे अहवालही लिहितात. यांतील एकही अधिकार कोणी आपण होऊन दिला नाही. व्यावसायिक संघटनांनी वर्षानुवर्षे पुरावे गोळा केले, सुरक्षिततेच्या शंकांना उत्तरे दिली, प्रशिक्षणाचे निकष स्वतः लिहून पुढे ठेवले, आणि मग कायदा बदलला. ज्यांनी हे केले त्यांच्यापैकी अनेकांच्या दारावर व्यवस्थापकाची पाटी नसेल, तरी ते नेतृत्वच होते. त्यामुळे एखाद्या शांत दिवशी स्वतःला विचारा, की कामाचा कोणता भाग संपल्यावर तुम्हाला थकवा आला तरी समाधान वाटते: अवघड रुग्ण मार्गी लागल्यावर, विद्यार्थ्याला एखादी गोष्ट समजल्यावर, की विस्कळीत वेळापत्रक नीट बसल्यावर? तिसरे उत्तर तुमच्या मनातून अजिबात येत नसेल, तर अधीक्षकांकडे समन्वयकपदाऐवजी हाताच्या उपचारांतील तज्ज्ञ थेरपिस्ट असे पद निर्माण करण्याचा प्रस्ताव द्या. तो नाकारला गेला तरी अशी मागणी असू शकते, याची नोंद होईल.

दुसऱ्या शाखांतील लोक तुमचे का ऐकतील, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे तुम्ही कशात लक्ष घालणार नाही यावर ठरेल. स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी किंवा आहारतज्ज्ञाने नळीवाटे द्यायच्या आहाराचे गणित कसे करावे, हे ठरवण्याचा अधिकार समन्वयकाला नसतो आणि नसावा. म्हणून पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी वेगळ्या करा. पाळ्या, रजा, रेफरल, प्रतीक्षा यादी आणि तक्रारी हे कामकाजाचे विषय तुमच्याकडे येतील. उपचारांच्या गुणवत्तेची देखरेख आणि कनिष्ठांचे व्यावसायिक मार्गदर्शन प्रत्येक शाखेच्या ज्येष्ठ व्यक्तीकडे राहील. लहान शाखेत ज्येष्ठ कोणी नसेल, तर बाहेरच्या रुग्णालयातील अनुभवी व्यक्तीकडून महिन्याला एकदा मार्गदर्शन मिळवून देणे हे तुमचे काम. आपल्या शाखेवर दुसऱ्या शाखेची व्यक्ती हुकूमत गाजवणार ही भीती या एका वाटणीने बरीच कमी होते. तसेच, तुम्ही स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट असल्यामुळे पहिल्या वर्षी स्वतःच्या शाखेला झुकते माप दिल्याचा संशय येणारच. नवे उपकरण किंवा नवी जागा आली, तर तिचे निकष आधी जाहीर करा आणि मगच वाटप करा.

सर्व शाखांना एकत्र आणण्यासाठी स्नेहमेळाव्यापेक्षा एक सामाईक रुग्ण अधिक उपयोगी पडतो. पक्षाघात झालेल्या एका माणसाचे उदाहरण घ्या. फिजिओथेरपिस्ट त्याच्या चालण्याचे उद्दिष्ट लिहितो, तुम्ही कपडे घालण्याचे, स्पीच थेरपिस्ट गिळण्याचे आणि आहारतज्ज्ञ वजनाचे. चारही उद्दिष्टे बरोबर असतात. ती चार वेगळ्या कागदांवर असतात आणि नातेवाइकांना दिवसभरात चार वेगळ्या सूचना मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मान्य केलेले कार्यक्षमता, अपंगत्व आणि आरोग्य यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण याच कारणासाठी मोलाचे आहे. शरीराचे कार्य, रोजच्या कृती, समाजातील सहभाग आणि भोवतालचे वातावरण अशा पातळ्यांवर ते रुग्णाची स्थिती मांडते, त्यामुळे कोणत्याही एका शाखेच्या परिभाषेत अडकून पडत नाही. ‘घरच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने जेवणे’ असे एकच उद्दिष्ट चौघांनी मिळून लिहिले, की बसण्याचा तोल, हाताची पकड, गिळण्याची सुरक्षितता आणि अन्नाचा घट्टपणा हे सगळे त्यात येते. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, वेगवेगळ्या शाखांनी आळीपाळीने चालवलेली अशी एक सामाईक उद्दिष्टांची बैठक सुरू करा. ती तुम्ही दर वेळी स्वतः चालवू नका. तरुण सहकाऱ्याला सर्वांसमोर बैठक चालवायला मिळणे हे त्याच्यासाठी नेतृत्वाचे पहिले प्रशिक्षण असते, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

डॉक्टर मंडळी ऐकत नाहीत, ही तक्रार मला पत्रांतून वारंवार वाचायला मिळते. तिच्यात तथ्य आहे, तरीही बैठकीत आपले म्हणणे कसे मांडले जाते हेही तपासायला हवे. आपल्यापैकी अनेक जण रुग्णाची संपूर्ण हकिकत सांगतात आणि शेवटी थांबतात. काय करावे हे समोरच्याने ओळखावे अशी अपेक्षा असते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील संदेशपद्धतीतून आरोग्यसेवेत आलेली एक सोपी चौकट आहे: सध्याची स्थिती, तिची पार्श्वभूमी, तुमचे मूल्यमापन आणि तुमची शिफारस. यांतील शेवटचे दोन भाग नेमके आपल्याकडून गळतात. ‘रुग्णाला जेवताना ठसका लागतो आहे’ ही केवळ माहिती झाली. ‘रुग्णाला पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जात असल्याची शक्यता मला वाटते, म्हणून तोंडाने पातळ पदार्थ देणे आजच थांबवून गिळण्याची सविस्तर तपासणी उद्या सकाळी करावी’ असे म्हटले, की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीतही छेद देण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगावी असे म्हटले आहे, कारण ज्याला खोलीत स्वतःचे नाव उच्चारायला मिळालेले नसते तो धोका दिसला तरी गप्प राहण्याची शक्यता अधिक. तुमच्या विभागाच्या राउंडलाही हा नियम लावून पाहा.

बैठकीत वजन येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या कामाची आकडेवारी ठेवणे. एकच प्रश्न निवडा, आणि तो रुग्णाला थेट जाणवणारा असू द्या. रेफर केल्यापासून पहिली तपासणी होईपर्यंत किती वेळ जातो, हा चांगला प्रश्न आहे, कारण त्याची उत्तरे नोंदवहीत आधीच पडलेली असतात. पहिले काही आठवडे काहीही न बदलता फक्त मोजा. मग एका वॉर्डात, एका थेरपिस्टबरोबर, एक छोटा बदल करा, म्हणजे रेफरलचा कागद दुपारपर्यंत साठू न देता सकाळच्या राउंडलाच थेरपिस्टच्या हाती द्या. पुन्हा मोजा, काय झाले ते अभ्यासा, बदल टिकवायचा की टाकायचा ते ठरवा आणि मग पुढच्या वॉर्डात जा. योजना, कृती, अभ्यास आणि अंमलबजावणी असे हे चक्र गुणवत्ता सुधारणेच्या क्षेत्रात जगभर वापरले जाते. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर तास आणि मध्ये मध्यक (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दाखवणारी रेघ, एवढा साधा आलेख पुरतो. ही सेवेतील सुधारणा असून संशोधन नाही, हे भान मात्र ठेवा. रुग्णांना वेगवेगळ्या गटांत वाटून उपचारांची तुलना करायची असेल, तर नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची संमती याला पर्याय नाही.

आकड्यांविषयी लिहिताना एका फिजिओथेरपिस्टचा उल्लेख करावासा वाटतो. ऑस्ट्रेलियातील ज्युली बर्नहार्ट यांनी पक्षाघातानंतर रुग्णाला लवकर अंथरुणाबाहेर काढण्याविषयी एक मोठी चाचणी उभी केली. पाच देशांतील ५६ पक्षाघात विभाग आणि २,१०४ रुग्ण तिच्यात सहभागी होते. पहिल्या २४ तासांत, वारंवार आणि अधिक प्रमाणात हालचाल करवली तर रुग्ण अधिक बरे होतील, अशी अपेक्षा होती. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तीन महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण या गटात ४६ टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ५० टक्के निघाले. म्हणजे निकाल अपेक्षेच्या उलट लागला होता. तो जसाच्या तसा प्रसिद्ध झाला आणि पुढे अमेरिकेतील उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत, इतक्या लवकर आणि इतकी अधिक हालचाल करवू नये, असा सल्ला समाविष्ट झाला. ज्या उपचारावर आपल्या व्यवसायाची मदार आहे, त्याचीच परीक्षा घेण्याची तयारी एका थेरपिस्टने दाखवली आणि जगभरातील पक्षाघात विभागांना तिची दखल घ्यावी लागली. तुमच्या प्रतीक्षा यादीचा आलेखही कदाचित तुमच्या विभागातील एखादा दोष दाखवील. तो बैठकीत तुम्ही स्वतः मांडा. दुसऱ्या कोणी शोधून काढण्याची वाट पाहू नका.

व्यवस्थापनाच्या पदवीबाबत माझे मत थोडक्यात सांगते. आत्ता घेऊ नका. विभागाचे अंदाजपत्रक वाचायला लेखा विभागातील एखादा सज्जन सहकारी चार-पाच दुपारींत शिकवू शकतो, आणि मूल्यमापनाची अवघड चर्चा कशी करावी हे पुस्तकापेक्षा ती चर्चा केल्यावरच कळते. पदावर एक वर्ष काढल्यानंतर, विभागाबाहेरच्या जबाबदाऱ्या घ्याव्यात असे वाटू लागले, तर पदवीचा विचार करा, आणि तेव्हाही शुल्क आणि अभ्यासाची रजा यांतील निदान एक गोष्ट रुग्णालयाकडून मागा. अधिकार नसताना मिळवलेली पदवी भिंतीवर शोभून दिसते, यापलीकडे तिचा फारसा उपयोग मी पाहिलेला नाही.

तरुण सहकारी सोडून जातात, हा विषय तुम्ही पत्रात ओझरता लिहिला आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नियमन करणारे कायदे व्यवसायाला ओळख देतात. भारतात २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात या व्यवसायांचे दहा गट मान्य झाले. इंग्लंडमध्ये १४ संलग्न आरोग्य व्यवसाय मानले जातात आणि त्या सर्वांसाठी मिळून एक मुख्य अधिकारी असतो. नोंदणी, शिक्षणाचे निकष, पदनामांचे संरक्षण हे सगळे आवश्यकच आहे. परंतु रुग्णालयाच्या आतली पायरी कायदा बांधत नाही. ती कोणीतरी कागदावर मांडून मंजूर करून घ्यावी लागते. समन्वयक झालात, तर पहिल्या वर्षाचे तुमचे मुख्य काम हेच असावे असे मला वाटते. नवशिका, स्वतंत्रपणे काम करणारा, वरिष्ठ, आणि त्यापुढे तज्ज्ञ किंवा प्रमुख अशा श्रेणी मांडा आणि प्रत्येक श्रेणीला वर सांगितलेल्या चार स्तंभांनुसार अपेक्षित क्षमता लिहा. निव्वळ सेवेची वर्षे मोजून बढती द्यायची पद्धत राहिली, तर हुशार माणसे थांबत नाहीत आणि थांबलेल्यांना शिकण्याचे कारण उरत नाही. या कागदाचा मसुदा सर्व शाखांच्या दोन-दोन जणांकडून करून घ्या, त्यातला एक नवखा असू द्या.

श्रेणी मंजूर व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत प्रत्येक सहकाऱ्याशी वर्षातून दोनदा फक्त त्याच्या पुढच्या वाटचालीविषयी बोला. ही चर्चा मूल्यमापनाच्या दिवशी करू नका, कारण त्या दिवशी माणूस बचावाच्या पवित्र्यात असतो. विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण, सुधारणेचा एखादा प्रकल्प, नव्या उपकरणाची निवड अशी खरी जबाबदारी त्याला द्या, पण तिच्यासाठी वेळही काढून द्या. वेळ न देता दिलेल्या जबाबदारीला संधी म्हणणे ही जी वागणूक तुम्हाला मिळते आहे, ती तुमच्याकडून खालच्यांना मिळू नये. लहान शाखेतल्या एकट्यादुकट्या आहारतज्ज्ञाकडे विशेष लक्ष ठेवा. मोठ्या शाखांच्या गोंगाटात त्याची रजाही बदली माणूस नाही म्हणून नाकारली जाते. आणि कोणी सोडून जायला निघालाच, तर त्याला अडवण्याआधी कारण विचारा आणि त्याच्या परवानगीने लिहून ठेवा. अशी पाच-सहा कारणे एकत्र झाली, की श्रेणींच्या प्रस्तावाला तीच जोडता येतात.

राहिला बाहेरच्या प्रशासकाचा धाक. केवळ त्या भीतीपोटी पद घेऊ नका. रुग्णसेवेची पार्श्वभूमी नसलेला प्रशासकही चांगले काम करू शकतो, जर त्याच्या शेजारी उपचारांविषयी बोलणारी व्यावसायिक प्रमुख व्यक्ती असेल. तसा कोणी नेमला गेलाच, तर अशी व्यक्ती असावी ही मागणी तुम्हाला तेव्हाही करता येईल. अधीक्षकांना येत्या आठवड्यात एक पानी पत्र द्या. त्यात प्रस्तावाबद्दल आभार, तुम्हाला अपेक्षित असलेले अधिकार, आठवड्यातील दोन दिवस, वेतनाच्या आढाव्याची तारीख आणि पहिल्या वर्षी पूर्ण करायची दोन कामे, म्हणजे प्रतीक्षेचा काळ कमी करणे आणि श्रेणींचा मसुदा, एवढेच लिहा. त्यांनी काही अधिकार दिले, काही राखून ठेवले, तर सहा महिन्यांच्या मुदतीवर पद घ्यायला हरकत नाही. वेळ आणि अधिकार दोन्ही नाकारले गेले, तर समन्वयकपद विनयाने नाकारा, सामाईक उद्दिष्टांची बैठक आणि प्रतीक्षा यादीचा प्रकल्प मात्र वरिष्ठ थेरपिस्ट म्हणूनच सुरू करा, आणि त्या पत्राची पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.